टेपखालचा जोड

गाडीला नंतर बसवलेला फॉग लॅम्प, हॉर्न किंवा मोबाइलचा चार्जर वर्षभरात रुसला की पहिला संशय त्या वस्तूवरच येतो. वस्तू बदलली जाते आणि काही महिन्यांनी नवीही रुसते. अशा वेळी आधी त्या वायरीवरची काळी टेप सोडवून बघावी. टेपचा गोंद उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने वितळून चिकट राप झालेला असतो. त्याच्याखाली दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि पीळ सैल पडलेला असतो. लालसर चमकायला हवं ते तांबं काळपट-करडं झालेलं दिसतं, कडेला हिरवा कळक धरलेला असतो. दोन बोटांनी जरा ओढलं की दोन्ही वायरी अलगद सुटून हातात येतात.

माझ्या गाडीत हे मी दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळचा जोड मी स्वतः केलेला होता, म्हणून तेव्हा कुणाला बोल लावायची सोय नव्हती. लेख लिहायला बसलो त्याचं कारण तेच. जोड चालू आहे आणि जोड चांगला आहे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गाडीत हा फरक घरातल्या वायरिंगपेक्षा कितीतरी जास्त छळतो.

बाराच व्होल्ट, मग भीती कसली?

शॉक लागत नाही, हे खरं. पण व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच कामासाठी करंट जास्त, आणि जोडाला छळतो तो करंट. प्रत्येक ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे धरा, म्हणजे ११० वॅट. २३० व्होल्टवर ११० वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टवर मात्र ९ अँपिअरच्या वर लागतात.

आता या वाटेत एखादा सैल, कळकलेला जोड आहे आणि त्याचा रोध ०.२ ओहम आहे असं समजा. ०.२ ओहम म्हणजे काहीच नाही, साध्या मल्टिमीटरवर तो दिसतसुद्धा नाही. २३० व्होल्टच्या सर्किटमध्ये असा जोड ०.१ व्होल्ट खाईल आणि त्यात ०.०५ वॅट उष्णता होईल. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागणार नाही. तोच जोड १२ व्होल्टच्या वाटेत आला की करंट ८ अँपिअरच्या आसपास येतो, जोडातच दीड व्होल्टच्या वर गळती होते आणि त्या पेराएवढ्या जागेत साधारण १३ वॅट उष्णता तयार होते. बारीक कामाचं छोटं सोल्डरिंग आयर्न १५ वॅटचं असतं. म्हणजे टेपमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या कव्हरमागे आपण एक चालू सोल्डरिंग आयर्न ठेवून दिलंय असंच म्हणायचं.

वर उजेडाचं नुकसान वेगळंच. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या बरोबरीने घटत नाही, फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. आपल्या उदाहरणात दिव्याला १०.४ व्होल्टच मिळतात, म्हणजे उजेड जवळपास ४० टक्क्यांनी गेला. दिवे मंद वाटतात म्हणून जास्त वॅटचे बल्ब आणले तर करंट आणखी वाढतो, जोड आणखी तापतो आणि तापला की आणखी गंजतो. हे चक्र बल्ब बदलून कधीच थांबत नाही.

एलईडीला करंट कमी लागतो, म्हणून ही कटकट कमी होते, संपत नाही. बऱ्याच एलईडी दिव्यांतलं सर्किट व्होल्टेज पडलं की वॅट टिकवण्यासाठी उलट जास्त करंट ओढतं. जोड फारच वाईट असेल तर दिवा लुकलुकायला लागतो आणि लोक दिवा खराब म्हणून परत करायला निघतात.

पिळून टेप लावलेला जोड का बिघडतो

दोन तारा एकमेकींवर टेकल्या की त्या पूर्ण पृष्ठभागाने टेकतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि खरा स्पर्श मोजक्या उंचवट्यांवरच होतो. सगळा करंट त्या उंचवट्यांतून जातो. पीळ नवा असताना तांबं स्वच्छ असतं, तारा घट्ट असतात, काम भागतं. मग गाडी चालू लागते. कंपनाने तारा एकमेकींवर केसभर सरकत राहतात, दर वेळी नवा पृष्ठभाग उघडा पडतो, हवा आणि ओल त्याला गाठतात आणि त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. हा पापुद्रा तांब्याइतका करंट जाऊ देत नाही. त्यात रोज तापणं आणि थंड होणं, म्हणजे धातूचं प्रसरण-आकुंचन. पीळ सैल करायला एवढं पुरे.

टेप पाणी थांबवत नाही. ती फक्त बाजूच्या वायरीला स्पर्श होऊ देत नाही. उलट आत शिरलेलं पाणी सुकू न देण्याचं काम ती चोख करते. पाणी मग दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वायरीतल्या बारीक तारांमधून आवरणाखाली वर चढतं. म्हणून जुना जोड कापून नवा करताना तेवढा जोड कापणं पुरत नाही. आवरण सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर आणखी मागे कापत जायचं, चकचकीत तांबं लागेपर्यंत. कधी कधी वीतभर वायर जाते. जाऊ द्यावी. काळ्या तांब्यावर ना क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड, नीट बसतो, ना सोल्डर, म्हणजे वितळवून लावायचा डाक, धरतं.

आधी वायर

वायरीचा आकार तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, बाहेरच्या जाडीवर नाही. जाड प्लॅस्टिक आणि आत चार तारा अशी वायर हाताला दणकट लागते आणि फसवते. वेष्टनावर १४/०.३ असं लिहिलेलं असेल तर त्यात ०.३ मिलिमीटर व्यासाच्या १४ तारा आहेत, म्हणजे सुमारे १ चौरस मिलिमीटर तांबं. अशा वायरीचा रोध मीटरला ०.०१७ ओहम येतो. ८ अँपिअर आणि ३ मीटर लांबी धरली तर ०.४ व्होल्ट वायरीतच जातात. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच आकडा ०.१७ वर येतो. परतीची वाट बॉडीतून नसून वायरीनेच आणायची असेल, तर लांबी दुप्पट धरायची.

तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही सर्रास मिळते. हातात ती हलकी लागते, आणि एखादी तार ब्लेडने खरवडली की आतून रुपेरी दिसते. मात्र कथिलाचा मुलामा दिलेलं खरं तांबंही वरून रुपेरीच असतं, फक्त ते खरवडल्यावर आत लाल निघतं. कल्हई केलेली ही तार ओलीत जास्त टिकते, मिळाली तर जरूर घ्यावी. अॅल्युमिनियमवाली गाडीत नकोच. करंट कमी वाहते, दाबाखाली सैल पडते आणि वाकवून वाकवून लवकर तुटते.

वायर सोलताना दात, ब्लेड आणि नेलकटर या तिघांना सुट्टी द्यावी. ब्लेडचा ओरखडा एखाद्या तारेवर उमटला की तीच तार पुढे कंपनाने तिथेच तुटते. १४ पैकी ३ तारा सोलतानाच गेल्या तर वायर तिथे एक नंबरने बारीक झाली. योग्य खाचेचा वायर स्ट्रिपर घ्या, टोकाला बसवायच्या थिंबलच्या (धातूच्या तुकड्याच्या) नळीच्या लांबीइतकंच आवरण काढा आणि सोललेलं टोक उजेडात धरून तारा बघा. एखादी तार जरी कमी भरली तरी टोक कापून पुन्हा सोला.

क्रिम्प म्हणजे नुसतं दाबणं नव्हे

थिंबल, कुणी त्याला लग म्हणतं, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा. त्याच्या नळीत सोललेली वायर घालून नळी दाबायची, याला क्रिम्प म्हणतात. पक्कड घेऊन थिंबल चेपलं की झालं, असा समज आहे. मीही बरीच वर्षं तेच करत होतो.

चांगल्या क्रिम्पचा छेद घेऊन भिंगाखाली पाहिला तर आत गोल तारा दिसतच नाहीत. मूळच्या गोल तारा दाबाने एकमेकींवर चेपून षटकोनी झालेल्या असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, मध्ये फट म्हणून नाही. एवढा दाब पडताना तारांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, आतलं ताजं तांबं थिंबलच्या धातूवर घासून जागोजागी त्याच्याशी एकजीव होतं. हवा शिरायला वाटच उरत नाही, म्हणून पुढे गंज धरत नाही. पकडीने चेपलेल्या थिंबलचा छेद घेतला तर नळी चपटी झालेली असते, कडेच्या तारा दबलेल्या आणि मध्ये गोल तारा अन् त्यांच्यातल्या फटी तशाच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून या कामात पैसे एकाच ठिकाणी टाकायचे असतील तर रॅचेटवाल्या क्रिम्परवर टाकावेत. पूर्ण दाब पडल्याशिवाय तो उघडतच नाही, त्यामुळे हाताचा अंदाज चुकण्याचा प्रश्न राहत नाही. त्याचे जबडे मात्र थिंबलच्या जातीचे हवेत. रंगीत प्लॅस्टिकच्या गळ्याचे थिंबल असतात त्यांना अंडाकृती जबडा लागतो. कपलरच्या, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगच्या आत बसणाऱ्या, दोन-दोन पंखांच्या उघड्या पिनांना निराळा जबडा लागतो, तो पंख आत वळवून तारांत रोवतो. या पिनांच्या पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची आवरणाला. मागची फालतू नाही. कंपनाचा सगळा ताण ती आवरणावर घेते आणि तांब्याला मोकळं ठेवते.

रंगाचं गणित सोपं आहे. लाल थिंबल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरसाठी, निळं १.५ ते २.५ साठी, पिवळं ४ ते ६ साठी. बारीक वायर दुमडून, दुप्पट करून मोठ्या थिंबलमध्ये कोंबायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. अडल्या रात्री ठीक आहे, कायमची नको. आणि मोठी वायर छोट्या थिंबलात बसवायला चार तारा कापून टाकणं तर कधीच नाही.

क्रिम्प झाला की वायर एका हातात, थिंबल दुसऱ्या हातात धरून नीट जोर लावून ओढा. लाजू नका. सुटायचं असेल तर इथे बाकावर सुटू दे, डॅशबोर्डमागे हात पोचत नाही अशा जागी सुटण्यापेक्षा बरं.

मग सोल्डर वाईट का?

नाही. पण गाडीत त्याचं एक दुखणं आहे. वितळलेलं सोल्डर तारांमधून आवरणाखाली चढतं आणि तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. जिथे ताठपणा संपून लवचीक वायर सुरू होते, नेमक्या त्या रेषेवर कंपन सगळा राग काढतं आणि वायर तिथे तुटते. जोड साबूत, वायर शेजारी तुटलेली, असं दृश्य दिसलं तर कारण बहुधा हेच. सोल्डर करायचंच असेल तर आधी वायरी एकमेकींत नीट अडकवून पीळ द्या, म्हणजे ताण धातूच्या विळख्यावर येईल. उष्णता वायरीला द्या आणि सोल्डर वायरीवर वितळू द्या. मग जोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर पुढे जाईल इतकी हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी, चढवून वायर जवळच्या आधाराला बांधा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून धातू साफ करणारा पदार्थ, राळेचा हवा. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स आतून तांबं खात बसतो.

क्रिम्प करायच्या किंवा स्क्रूखाली आवळायच्या टोकाला आधी सोल्डर लावू नये. बरेच जण ते सफाईचं काम समजतात. पण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकत जातं, आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल निघतो.

वायरीच्या मध्येच जोड द्यायचा असेल तर माझी पसंती आतून गोंद असलेल्या स्लीव्हच्या बट कनेक्टरला, म्हणजे दोन वायरींची टोकं समोरासमोर धरणाऱ्या नळीला. दोन्हीकडून वायर घाला, क्रिम्प करा, हीट गनने गरम करा. स्लीव्ह आवळते आणि दोन्ही टोकांशी गोंदाचा बारीक कडा बाहेर येतो. तो कडा दिसला की पाण्याची वाट बंद झाली. लायटरने काम होतं, पण एक बाजू करपते आणि दुसरी आवळलेलीच नसते. जुडग्यातल्या तीन-चार वायरींना जोड द्यायचे असतील तर ते एका रांगेत न आणता पुढेमागे ठेवा. जुडगं फुगत नाही आणि एखाद्या जोडाचं आवरण फाटलं तरी तो शेजारच्या जोडाला भिडत नाही.

चिमटा मारला की चालू वायरीतून फाटा काढून देणारे प्लॅस्टिकचे कनेक्टर मिळतात. आतली पाती आवरण चिरते आणि बऱ्याचदा काही ताराही चिरते. कोरड्या, स्थिर जागी ठीक, बॉनेटखाली किंवा हँडलपाशी अजिबात नको.

परतीची वाट

निम्म्या तक्रारी अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनस वायरीच्या निघतात. बॅटरीच्या प्लसपासून निघालेला करंट दिव्यातून बॉडीमार्गे मायनसला परत जातो, आणि आपण सगळी काळजी प्लसच्या वायरीची घेऊन अर्थची वायर रंगवलेल्या पत्र्यावरच्या जवळच्या बोल्टखाली खुपसतो. रंग करंट जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांमधून काय थोडाफार जाईल तेवढाच. गोल थिंबल घ्या, त्याच्या मापाएवढा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून झाका. आधी झाकून मग आवळायचं नाही.

अर्थ खराब असल्याची एक गमतीदार खूण आहे. इंडिकेटर लावला की टेललॅम्पही त्याच ठेक्यात मिणमिणतो. करंटला सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा वळसा घालून घरी जातो.

फ्यूज कुणासाठी?

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. हे पटलं की बाकीचं आपोआप ठरतं. बॅटरीत शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर द्यायची ताकद असते, आणि बॅटरी ते फ्यूज हा वायरीचा तुकडा बिनसंरक्षणाचा असतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधे कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झालेल्या वायरीचं काहीही भलं करत नाही.

फ्यूजचा आकडा लोडपेक्षा थोडा वर आणि वायर सहज पेलेल त्याच्या खाली ठेवायचा. आपल्या ९ अँपिअरच्या दिव्यांना १५ चा, म्हणजे निळा ब्लेड फ्यूज आणि २.५ ची वायर. १० चा लाल असतो, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकला तर फ्यूजचं काम वायर करू लागते.

एवढा करंट हँडलवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नये, मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घालावा. रिलेवरचे आकडे जगभर जवळजवळ सारखेच असतात, जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातून आलेले. ३० वर बॅटरीतून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. कॉइलला किरकोळ करंट पुरतो, तो स्विचमधून खुशाल न्यावा. कॉइलची प्लस वायर चावीनंतरच्या सर्किटवरून घ्या, म्हणजे चावी काढल्यावर दिवा चालू राहणार नाही. चार्जरचंही तसंच. नुसता बसून ५० मिलिअँपिअर पिणारा चार्जर दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो, आणि ९ अँपिअर-तासाची बॅटरी आठवड्याभरात झोपते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. कारण साधं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट खोलताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट. मायनस सुटलेला असेल तर पाना कुठेही लागो, वाट पूर्णच होत नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र हात लावायचाच नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

मीटर कुठे लावायचा

जोड तपासायला बहुतेक जण मल्टिमीटरचा बीप लावतात. बीप वाजला, जोड पक्का! पण बीप पाच-दहा ओहमलाही वाजतो, आणि आपला खलनायक ०.२ ओहमचा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या आसपास असतो. एकाच तारेवर लोंबकळणारा जोडही बिनधास्त बीप देतो.

खरी परीक्षा करंट वाहत असताना होते. दिवे लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे टेकवा. आवरणाला भोकं पाडू नका, थिंबलच्या धातूवर किंवा कपलरच्या मागून पिनेवर टेकवा. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट हा जोड खातोय. चांगला क्रिम्प काही मिलिव्होल्टच दाखवतो. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला तर तो जोड पुन्हा करायचा. अर्थसाठी एक टोक दिव्याच्या मायनस वायरीवर आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसवर लावा. तिथेही ०.१ च्या आतबाहेर ठीक. मग प्लसची बाजू, बॅटरीच्या प्लसपासून दिव्याच्या प्लसपर्यंत. वायर, फ्यूज, रिले सगळं धरून अर्ध्या व्होल्टच्या आत बसलं तर काम झकास झालंय.

मीटर नसेल तर दिवे दहा मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि लगेच प्रत्येक जोडावर जपून बोट फिरवा. वायर कोमट लागली तर चालेल. जोड शेजारच्या वायरीपेक्षा गरम लागला, तर तिथली स्लीव्ह कापायची आणि पुन्हा सोलण्यापासून सुरुवात करायची.